चौथी भिंत

३ नोव्हेंबर

आजपासून बाहुल्यांची घरं बांधणं हेच माझं काम. आईला अजून पटलेलं नाही. काल विहारातून परतताना तिने शेजारच्या काकूंना सांगितलं की आमची प्रीती डेकोरेशनच्या कंपनीत लागली. बाहुल्या हा शब्द तिने हळूच गिळला.

जागा मानपाड्याला, एमआयडीसीच्या कडेला, पहिल्या मजल्यावरचा गाळा. शहाडहून पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला आलेला, पण दार ढकललं आणि सगळा शीण गेला. मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड, आणि रॅकवर ओळीने उभ्या फॅशनच्या बाहुल्या. साडीतल्या, जीन्समधल्या, गॉगल लावलेली एक. चार-पाच बाहुलेही आहेत, बिचारे मागच्या रांगेत. इथून त्यांचे कपडे ऑनलाइन विकले जातात. कपड्यांचे फोटो काढायचे तर बाहुलीमागे काहीतरी देखावा हवा, कॅफे, बेडरूम, लग्नाचा हॉल. ते बॅकड्रॉप मी करायचे. पुठ्ठा, सनबोर्ड, आइस्क्रीमच्या काड्या, लेस, जुनी कॅलेंडरं. जे करताना लहानपणी आईचा ओरडा खाल्ला, तेच.

माणसं मोजकीच. मालक मितेश सर, चाळिशीचे, सगळ्यांना स्वतःच्या हाताने चहा ओततात. त्यांच्या मिसेस, करिश्मा मॅडम, फोटो काढतात. सुमितदादा पॅकिंग बघतो, सरांकडे सगळ्यात जुना तोच. आणि झाडलोटीला सखुबाई, साठीच्या, इथल्याच गावातल्या आगरी. त्यांनी विचारलं, तू कुठची गं पोरी. शहाडची म्हटल्यावर म्हणाल्या, लांबून आलीस, आधी जेवून घे. सकाळचे साडेदहा वाजलेले.

८ नोव्हेंबर

मॅडमना त्यांच्या बाळकुमच्या फ्लॅटसारखी बाल्कनी हवी होती. तीन दिवस गेले, पण झाली सुरेख. रेलिंगला मोडक्या छत्रीच्या काड्या, कुंड्यांना बाटल्यांची झाकणं, फरशीसाठी फोमशीटवर शाई संपलेल्या बॉलपेनने रेघा. मागे स्पंजने रंगवलेली खाडी आणि तिवरं. फोटोत खोटी आहे हे कळतच नाही. सरांनी तो फोटो स्वतःच्या आईला पाठवला.

त्यांची मुलगी कृतिका दुपारी शाळेच्या व्हॅनने इथेच येते. तिसरीत आहे. सखुबाईंना आजी म्हणते, त्यांच्यापुढे पाठ करून बसते आणि त्या तिच्या सुटलेल्या वेण्या परत घालतात. आज तिने माझ्या बाल्कनीत एक बाहुली झोपवली आणि कुजबुजून मला सांगितलं, ताई, हिला ताप आहे, हळू बोला. मग आम्ही सगळे हळू बोललो. सुमितदादासुद्धा.

१३ नोव्हेंबर

आज जेवताना सखुबाईंनी मला त्यांच्या मुलीबद्दल सांगितलं.

सगुणा तिचं नाव. आधी सरांचं शिलाईचं युनिट होतं, इथून मागच्याच गल्लीत. बाहुल्यांचे कपडे तिथे शिवले जायचे. चार वर्षांपूर्वी तिथे आग लागली आणि चौघी गेल्या. सगुणा त्यातली एक. मला अंधुक आठवलं, बातमीत पाहिलेलं. हे तेच सर, हे माहीत नव्हतं.

आगीनंतर सरांनी स्वतः बोलावून सखुबाईंना काम दिलं. त्यांनी ते घेतलं. का घेतलं, असं मी विचारलं. जमीन दिरांनी बिल्डरला देऊन टाकली, नवरा आधीच गेलेला, मग जायचं कुठे, असं काहीतरी त्या म्हणाल्या. पण हे बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, काचेच्या केबिनकडे बघत होत्या. सर आत चहा पीत होते.

१७ नोव्हेंबर

सखुबाईंनी मला एक गोष्ट मागितली. एवढ्या खोल्या करतेस, एक माझ्यासाठी कर. सगुणाची शिलाईची खोली. त्यांना पोर बाहेर आणल्यावरच दाखवली होती, आत कधी जाऊ दिलं नाही. म्हणाल्या, "माज्या पोरीनं शेवटाला काय बगितलं, ता मना बगाचं हाय."

मी नाही म्हणू शकले नाही. कोण म्हणेल.

दुपारी सर बाहेर गेले तेव्हा आम्ही दोघी मागच्या गल्लीत जाऊन आलो. गाळा तसाच पडून आहे. खिडकी उंचावर, त्यातून मांजर जाईल इतकीच. भिंती वरून काळ्या, खालून करड्या. मी मापं घेतली, चार टेबलं कुठे असतील ते त्यांनी दाखवलं, त्या दिवशी रजेवर होती म्हणून वाचलेल्या एका बाईने त्यांना सांगितलेलं.

दारावर आतल्या बाजूने ओरखडे आहेत. बाहेरच्या बाजूला कडीचा कोयंडा कटरने कापलेला, अजून लटकतोय. म्हणजे कुलूप बाहेरून होतं. मी ते बोलून दाखवलं. सखुबाई म्हणाल्या की मितेश सरांनी आणि सुमितने पोलिसांना सांगितलं, दार उघडंच होतं. बायका घाबरल्या, त्यांना दार सापडलं नाही. तेच लिहिलं गेलं आणि केस मिटली.

मग त्यांनी कोयंड्यावरून पदराने हात फिरवला, भांड्यावरची धूळ पुसावी तसा.

२२ नोव्हेंबर

खोली झाली. मी केलेल्या सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत खरी. काड्यापेटीच्या पुठ्ठ्याची मशिनं, ट्यूबलाइटला पांढरा स्ट्रॉ, कोपऱ्यात चिंध्यांचा ढीग. भिंती मी पांढऱ्या ठेवल्या, आगीच्या आधीच्या.

सखुबाई आख्खी जेवणाची सुट्टी तिच्यापुढे बसून होत्या. रडतील असं वाटलेलं. रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, चौथी भिंत कुठे. मी समजावलं की आपण नेहमी तीनच भिंती करतो. चौथ्या बाजूने कॅमेरा बघतो, आपण बघतो. चौथी लावली तर आत काही दिसणार नाही. त्या म्हणाल्या, माझ्या पोरीला चार होत्या. दारही चौथीतच होतं.

संध्याकाळी मी चौथी भिंत आणि वर छत लावलं. दाराला सेफ्टीपिनची कडी, बाहेरून. ती पेटी त्यांनी स्टोअररूममध्ये नेऊन ठेवली, फिनाइलच्या कॅनच्या मागे.

२७ नोव्हेंबर

स्टोअरमध्ये लेसची गुंडाळी आणायला गेले. जळक्या नायलॉनचा वास. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याला वायरिंगमध्ये काही सापडलं नाही.

पेटीला हात लावून पाहिला. चपातीच्या डब्याइतकी कोमट होती. छताजवळ पांढरा रंग पिवळा पडलाय, वर तपकिरी. रंगच स्वस्तातला असणार. दुसऱ्या कुठल्याच बॅकड्रॉपला असं झालेलं नाही, पण ते उजेडात असतात.

१ डिसेंबर

सुमितदादा गेला.

दुपारी पार्सलं द्यायला टेम्पो घेऊन निघालेला. गेटपाशीच, झाडाखाली, गाडी उभी करून आत बसलेला सापडला. वॉचमनने आधी त्याला पाहिलं. म्हणाला, काचेवर हात आपटत होता, मी बाहेरून दार उघडलं, तरी तो काचेवरच आपटत राहिला. उघड्या दाराकडे त्याने बघितलंच नाही.

हॉस्पिटलमधून सरांना फोन आला. फुफ्फुसात धूर होता म्हणे. टेम्पो कुठेही जळलेला नाही. त्याच्या शर्टालासुद्धा डाग नाही.

सगळे खाली धावले तेव्हा मी वर एकटीच होते. रॅकमध्ये मागच्या रांगेत एक बाहुला कमी आहे, राखाडी टी-शर्टवाला. सुमितदादा रोज राखाडी टी-शर्ट घालायचा.

मी स्टोअरमध्ये गेले. पेटीची कडी लावलेली होती. मी उघडली. बाहुला आत दाराच्या डाव्या बाजूला, भिंतीला तोंड लावून पडला होता. त्याचे दोन्ही हात वर होते. या बाहुल्यांचे हात स्वतःहून वर राहत नाहीत. सैल असतात, मी रोज सेलोटेप लावून ते उभे करते.

३ डिसेंबर

सखुबाईंना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. हो, मीच ठेवला, कडी मीच लावली, म्हणाल्या. बाकीचं त्या चौघींनी केलं. पहिल्या दिवशी पेटी बंद केली तेव्हाच आतून मशिनचा आवाज आला, म्हणून त्यांना कळलं की पोरी आल्या.

मी म्हटलं, हे पाप आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, चावी सुमितच्या खिशात होती. तो बाहेर उभा राहून बघत होता. आता त्यालाही दार सापडलं नाही. एवढंच झालं.

मग त्यांनी मला एक शर्ट शिवायला सांगितला. निळा, बारीक चौकडीचा. सर घालतात तसला.

मी बॅग उचलून घरी आले. आईला सांगितलं, पोट दुखतंय.

५ डिसेंबर

दोन दिवस डोळ्यांपुढे तोच कापलेला कोयंडा. आणि सर चहा ओतताना. रोज चहा ओततात ते. सखुबाईंनाही. त्यांच्या मुलीला दार सापडलं नाही, असं पोलिसांना लिहून देऊन, वर त्यांच्या पेल्यात चहा. त्या पेल्याला कान नाही आणि तो वेगळा ठेवलेला असतो, हेही मी पहिल्या आठवड्यातच पाहिलेलं. पाहून गप्प बसलेले.

आज कामावर गेले. निळ्या चौकडीचं कापड चिंध्यांत होतं.

मी शर्ट शिवला. बटणांच्या जागी मोहरीएवढे मणी लावले. एकही टाका चुकला नाही, हे लिहून ठेवते.

९ डिसेंबर

जेवणाच्या वेळेला. सर केबिनमध्ये होते. केबिनचं दार उघडं, खाली रबरी स्टॉपर लावलेला.

ते खोकले. उठले. दाराच्या दिशेने आले आणि दाराच्या शेजारी काचेला जाऊन भिडले. डोळ्यात काही गेलं असावं तसे चाचपडत होते. मॅडम दारात उभ्या राहून दोन्ही हात पसरून म्हणत होत्या, इकडे, मितेश, इकडे, मी इथे आहे. ते काच चाचपत राहिले. मग बुक्क्या मारायला लागले.

मी आत गेले. मला तिथे काहीही नव्हतं, स्वच्छ हवा, चहाचा वास. त्यांचा हात धरून ओढला. दारापर्यंत आले आणि उंबऱ्याशी त्यांचं अंग थडकलं. खरंच थडकलं, आवाज झाला. मी बाहेर, ते आत, आणि मध्ये काहीच नाही.

त्यांच्या नाकातून काळं आलं.

स्टोअररूम तिथून हाकेवर. मी धावत जाऊन कडी काढू शकले असते. मी त्यांचा हात ओढत राहिले, कारण मॅडम बघत होत्या. कडी काढायला मी गेले नाही.

सखुबाई तेव्हा जिना पुसत होत्या. फडक्याचा आवाज येत होता, एकसारखा.

१२ डिसेंबर

बाळकुमला जाऊन आले. हॉलमध्ये माणसंच माणसं. कृतिका बाल्कनीत बसलेली, खरी बाल्कनी, खरी खाडी. मला विचारलं, ताई, पप्पांना दार का नाही सापडलं.

मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास, वेण्या कोणीतरी घट्ट घातलेल्या. सखुबाई दिवसभर तिथेच होत्या, सगळ्यांना पाणी देत.

वाटलेलं, आता मोकळं वाटेल. संपलं असं वाटेल. तसं काही—

घरी येऊन दोनदा हात धुतले. उजव्या तळहाताला काजळी आहे. जात नाही.

१५ डिसेंबर

मॅडमनी आज स्टुडिओ उघडला. घरात बसवत नाही म्हणाल्या. मी पेटी जाळून टाकायला म्हणून स्टोअरमध्ये गेले. जाळायची. ज्याच्यात आग आहे ते जाळायचं कसं.

पेटी फिनाइलच्या मागे नव्हती. सखुबाईंनी घरी नेली असं वाटलं, बरं वाटलं.

कृतिका दुपारी आली. खोकत होती. मॅडम म्हणाल्या, हवा बदललीय. मी रुमाल दिला. तिने नाक पुसलं.

रुमालावर काळं.

१६ डिसेंबर

सापडली. माझ्याच टेबलाखाली, सनबोर्डाच्या शीटांमागे. गरम. हात टेकवत नाही इतकी.

पेटीच्या खिडकीच्या फटीतून मोबाइलचा उजेड टाकून पाहिलं. लहान बाहुली. शाळेचा पिनाफोर. दोन वेण्या.

सखुबाईंना जिन्यात गाठलं. त्यांच्या पाया पडले. ती तुम्हाला आजी म्हणते, म्हटलं. त्यांचं तोंड क्षणभर हललं. पण म्हणाल्या, कपडे चोरीला जातात, दाराला कुलूप घाला, हे तिच्या आईनंच सांगितलं होतं. "तिला मारून काय? ती सुटंल. तिला माज्यासारकी ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, सगुणाला हे चाललं असतं का. त्यांनी फडकं बादलीत बुडवलं. पायरी पुसत राहिल्या, पुसलेलीच पायरी परत.

कडी निघत नाही. सेफ्टीपिन आहे, साधी सेफ्टीपिन. पक्कडीने ओढली, पक्कड वाकली—

मॅडमचा फोन. कृतिकाला ॲडमिट केलंय. श्वास घेता येत नाहीये.

१७ डिसेंबर

सकाळी आठला आले. चावी सखुबाईंकडे. त्यांनी दार उघडून दिलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. माझ्याकडे पाठ.

पेटीचं दार कापत बसले नाही. भिंतच कापली. चौथी. मीच लावलेली. कटरचं पातं दोनदा तुटलं. आतून चटका, आणि कोणीतरी माझ्या बोटांना धरलं. बारीक बारीक हात. ओढत नव्हते, धरून होते, बुडणारं माणूस धरतं तसे. मी हात मनगटापर्यंत घातला. बाहुली ओढून काढली. वेण्या वितळल्यात, तोंड शाबूत.

खिडकीत नेऊन ठेवली. वाऱ्यावर.

उजवा हात काळा आहे, कोपरापर्यंत. दुखत नाही. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर असंच येणार. लिहिलं नाही तर कोणाला कळणार नाही, सरांचं दार उघडं—

मॅडमचा फोन आला. कृतिका बोलली. पाणी मागितलं. मॅडम रडतायत, मला थँक यू म्हणाल्या, का ते त्यांना माहीत नाही.

बरं झालं. निघते.

निघता येत नाही. दार समोर आहे, उघडं. जिना दिसतोय, पायरीवर सखुबाईंची पाठ, खाली रस्त्यावर रिक्षा. मी चालत गेले आणि भिंत. पांढरी, गुळगुळीत. मीच रंगवलेली.

माझा हात त्या चौघींनी आत पाहिला ना. माझा हात म्हणजे मी.

धूर वरून उतरतोय. खाली बसलेय. मोबाइल लागत नाही.

सखुबाईंना हाक मारली. वळल्या. त्यांना दिसलं. काय दिसलं माहीत नाही, पण त्यांचा चेहरा— इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडतायत.

उठल्या. आत येतायत. मी हाताने नको नको करतेय, त्यांना येता येतंय, मला जाता येत नाही. नको, सखुबाई. तुम्ही पेटी घेऊन बाहेर जा, तिची कडी काढा, तुम्हीच फक्त—

ऐकत नाहीत. माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या पलीकडे बघतायत. हाक मारतायत, सगुणा, ए सगुणा.

ओ आली.

मी नाही दिली. माझ्या मागून, अगदी कानाशी, आणि एकीची नाही, चौघींची एकदम. आणि आता माझी वेणी कोणीतरी